सहाणेवरून ट्यूबमध्ये

पुण्यात दुचाकीला किल्ली लावण्याआधी मुली एक काम न चुकता करतात. ओढणीएवढा लांब स्कार्फ डोक्यावरून घ्यायचा, कपाळ झाकायचं, नाक-तोंड झाकायचं, मागे गाठ मारायची आणि डोळ्यांपुरती फट ठेवायची. बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा हे पाहून दचकतो. पुणेकराला त्यात काही विशेष वाटत नाही. ऊन, धूळ आणि धूर यांपासून चेहरा वाचवण्याचा हा घरगुती बंदोबस्त. त्यावर हेल्मेट चढलं की पट्टा हनुवटीखाली रुततो, घाम कापडात मुरतो आणि कोथरूडहून विमाननगरला पोहोचेपर्यंत तेच ओलसर कापड गालांवर घासत राहतं. जिथे घासतं तिथे मुरूम चिडतात. १९७५ मध्ये मिल्स आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी दाबाने आणि घर्षणाने बळावणाऱ्या अशा मुरमांना वेगळं नावच देऊन टाकलं.

सगळा दोष स्कार्फच्या माथी मारता येत नाही. वसतिगृहात राहायला आलेली मुलं पुण्याच्या पाण्याला दोष देतात, घरचे मेसच्या तेलाला देतात, शेजारच्या काकू रात्रीच्या जागरणाला देतात. मुरूम हा असा आजार आहे की त्यावर मत नसलेला माणूस सापडत नाही. उपाय तर मतांहून जास्त. आजी सहाणेवर जायफळ उगाळते. खोलीतली मैत्रीण टूथपेस्ट लावायला सांगते, ती लावल्यावर मुरूम राहतो बाजूला आणि भोवतालची कातडी भाजते. औषधाच्या दुकानातला पोऱ्या विचारायच्या आत एक ट्यूब काढून देतो. आणि गेल्या काही वर्षांत मोबाइलच्या पडद्यावर आणखी एक पर्याय उगवला आहे: हिरव्या पानांचं चित्र, उभ्या रांगेत चिनी अक्षरं आणि ‘शेकडो वर्षांची परंपरा’ सांगणारं वनौषधींचं पारदर्शक जेल.

या जेलची चौकशी करायची, तर ती पुण्यात बसूनही चांगली करता येते. त्यातल्या कित्येक वनस्पतींचे चुलतभाऊ रविवार पेठेत पोत्यांतून मिळतात, आणि तेच चुलतभाऊ ट्यूबमध्ये भरण्याचा उद्योग इथल्या औषधनिर्माण महाविद्यालयांत वर्षानुवर्षं चालू आहे.

आधी मुरूम म्हणजे काय, ते थोडक्यात. चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक रोमकूपाला एक तेलाची ग्रंथी जोडलेली असते. वयात येताना संप्रेरकं वाढतात, ग्रंथी जास्त तेल सोडतात. त्याच वेळी कूपाच्या आतल्या अस्तराच्या मेलेल्या पेशी नीट बाहेर न पडता चिकटून बसतात आणि बूच तयार होतं. बुचामागे साचलेल्या तेलात एक जिवाणू सुखाने वाढतो. त्याला हवा फारशी मानवत नाही, त्यामुळे बंद कूप म्हणजे त्याचं माहेर. त्याचं जुनं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ मध्ये ते बदलून क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस झालं. मग शरीराची संरक्षणयंत्रणा तिथे धावून येते आणि लाली, सूज, पू हा पुढचा सगळा तमाशा सुरू होतो. बूच धरल्यापासून मुरूम दिसेपर्यंत काही आठवडे गेलेले असतात. म्हणून आज दिसणाऱ्या मुरमावर आज काहीही लावलं तरी रविवारच्या लग्नापर्यंत चेहरा नितळ होत नाही, आणि म्हणूनच डॉक्टर कुठल्याही उपचाराला दोन-तीन महिने मागतात. ते कुणी देत नाही, ही वेगळी गोष्ट.

आपल्याकडे आणखी एक दुखणं असतं. गव्हाळ-सावळ्या कातडीवर मुरूम जातो, पण डाग महिनोन्महिने मागे राहतो. कित्येक मुली दवाखान्यात जातात त्या मुरमासाठी नव्हे, तर डागासाठी.

सुश्रुताने या रोगाची नोंद क्षुद्ररोगांत केली. क्षुद्र म्हणजे किरकोळ. सोळा वर्षांच्या माणसाने हे नाव ठेवलं नसतं. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या आणि तोंड बिघडवणाऱ्या या पुटकुळ्यांना त्याने मुखदूषिका म्हटलं आणि त्यांना उपमा दिली शाल्मलीच्या काट्यांची. काटेसावरीचं खोड ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला ही उपमा पटवून द्यावी लागत नाही: बुडाशी रुंद, वर टोकदार, घट्ट बसलेला काटा. गंमत अशी की चिनी वैद्यकातही मुरमाला काट्याचंच नाव आहे. ‘फन-त्स’ या शब्दाचा अर्थ होतो पिठूळ काटा; दाबल्यावर पांढरा दाणा बाहेर येतो तो पिठूळ, आणि उभा राहतो तो काटा. हिमालयाच्या दोन्ही अंगांच्या वैद्यांना चेहऱ्यावर काटाच दिसावा, यामागे देवाणघेवाण शोधायची गरज नाही. आरसा दोन्हीकडे होता, एवढं कारण पुरे.

पुढे मात्र वाटा फुटतात. सुश्रुत कफ, वात आणि रक्त यांना जबाबदार धरतो, वमन करवा म्हणतो आणि वर लेप सांगतो: वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी, किंवा धणे, वेखंड, लोध्र आणि कोष्ठ. पुढच्या काळातल्या वैद्यांनी काटेसावरीचे काटेच दुधात वाटून लावायला सांगितले. काट्याने काटा काढण्याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं मिळणार नाही. चिनी वैद्य फुप्फुसातल्या उष्णतेकडे बोट दाखवतो. चियेनलुंग सम्राटाच्या काळात, १७४२ मध्ये, दरबारी वैद्यांनी संकलित केलेल्या ‘ईत्सोंग चिनज्येन’ या ग्रंथात, ज्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘वैद्यकाचा सुवर्ण आरसा’ असा होतो, फुप्फुसाची उष्णता शमवणारा लोकाटाच्या पानांचा काढा आहे आणि बाहेरून लावायला एक चूर्ण आहे: रेवंदचिनी आणि गंधक, दोन्ही समभाग. पैकी गंधकाशी आधुनिक त्वचारोगशास्त्राचंही जमतं. मुरमांवरच्या लोशनांत आणि साबणांत ते आजही असतं.

रेवंदचिनी हा शब्दच बोलका आहे. बोहरी आळीच्या आसपास काष्ठौषधींच्या जुन्या दुकानांत रेवंदचिनी मिळते, तशीच चोपचिनी मिळते. चोपचिनी हे चीनकडून आलेलं मूळ, आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाने तिला द्वीपांतर वचा, म्हणजे परदेशी वेखंड, असं नाव देऊन आपल्या निघंटूत घेतलं. त्वचेच्या तक्रारींसाठी वैद्य ती अजून देतात. तेव्हा चिनी वनौषधी पुण्यात आणायला ऑनलाइन बाजाराची वाट पाहावी लागली नव्हती. त्या आधीच आल्या होत्या आणि पुडीत बांधल्या जात होत्या.

ज्येष्ठमध तर दोन्ही घरचा. चिनी काढ्यांत तो बहुतेक ठिकाणी हजर असतो, आणि पुण्यात घसा बसलेला गवय्या त्याची काडी चघळतो. सगळ्यात जवळचं नातं मात्र पिवळ्या रंगाचं आहे. चिनी वैद्य उष्णता आणि पू असला की हुआंगलियान नावाचं कडूजहर पिवळं मूळ वापरतात. आपल्याकडे त्या जागी दारूहळद आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही झाडं वेगळी, पण पिवळेपणा आणि कडूपणा दोन्हींत एकाच द्रव्याचा: बर्बेरिन. दारूहळदीचा काढा शेळीच्या दुधात आटवून केलेलं रसांजन वैद्यांच्या कपाटात पिढ्यानपिढ्या आहे. प्रयोगशाळेत बर्बेरिन जिवाणूंची वाढ रोखतं आणि दाहही कमी करतं, म्हणून मुरमांवरच्या वनौषधी जेलांत, चिनी असोत की देशी, ते वारंवार डोकावतं. चीनमध्ये याखेरीज हुआंगचिन आणि दानशेन या मुळांवर बराच भर आहे. दानशेनमधल्या तानशिनोन या द्रव्याच्या कॅप्सूल तिकडे मुरमांसाठी दिल्या जातात.

इथवर सगळं सुरळीत वाटतं. जुना ग्रंथ आहे, वनस्पती आहे, तिच्यातलं द्रव्य माहीत आहे, जिवाणूही माहीत आहे. आता फक्त ट्यूबमध्ये भरायचं.

आणि गाडं अडतं ते इथेच. सहाणेवर उगाळलेला लेप दहा मिनिटांपूर्वी जन्मलेला असतो आणि तासाभरात धुतला जातो. त्याला टिकायचं नसतं, वास सुसह्य ठेवायचा नसतो, रंगाची लाज नसते. ट्यूबमधलं जेल पुण्याच्या एप्रिलमध्ये फळीवर उभं राहतं, दोन वर्षांची मुदत अंगावर छापून घेतं आणि रात्रभर चेहऱ्यावर राहतं. लेप हा एक पदार्थ आणि जेल हा दुसरा.

मुरमांना जेल सोयीचं का, हे उघड आहे. मलमात तेल असतं आणि तेलकट चेहऱ्याला आणखी तेल नको. जेल बहुतांशी पाणी. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते बनताना पाहणं मौजेचं असतं. कार्बोमर नावाची पांढरी, हलकी भुकटी पाण्यावर शिंपडून ढवळतात आणि रात्रभर फुगू देतात. सकाळी पातळसर, आंबट, काहीसं गढूळ पाणी दिसतं. त्यात ट्रायएथॅनॉलअमाइनचे थेंब सोडले की आम्लता उतरते, कार्बोमरच्या गुंडाळलेल्या साखळ्या ताणून उभ्या राहतात आणि बघता बघता भांड्यात काचेसारखा पारदर्शक गोळा डुलू लागतो. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी चमचा उलटा धरून मित्राला दाखवतोच.

मग तो त्यात वनस्पतीचा अर्क घालतो, आणि काच मावळते. कार्बोमरवर ऋणभार असतो, बर्बेरिनवर धनभार. दोघं एकमेकांना धरून बसतात, जेल पातळ होतं किंवा गुठळ्या धरतं आणि औषध त्यातच अडकतं. अर्कातले क्षारही जेलला पातळ करतात. हळदीचं कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, उजेडात फिकं पडतं, आणि जे उरतं ते उशीचा अभ्रा पिवळा करतं. या अडचणी चिनी कारखान्यातही त्याच आणि पुण्यातल्या प्रयोगशाळेतही त्याच. त्या सोडवता येतात: जाड करणारं दुसरं द्रव्य घ्यायचं, विरघळवण्यासाठी अल्कोहोल किंवा ग्लायकॉल वापरायचं, कुरकुमिन अतिसूक्ष्म थेंबांत कोंडायचं. पण असं करताना सहाणेवरचा लेप मागे, फार मागे राहतो, आणि वेष्टनावर मात्र सहाणेचं चित्र असतं.

अर्क घेण्याआधी आणखी एक पायरी आहे, तिच्याविषयी जाहिरातीत कुणी बोलत नाही. पोत्यातली काडी खरंच त्याच झाडाची आहे का? दारूहळद म्हणून बाजारात झाडाची हळदही खपते. तिच्यातही बर्बेरिन असतं, त्यामुळे साध्या चाचणीत चोरी पकडली जात नाही. पुण्याचं भाग्य असं की ओळख पटवून देणाऱ्या दोन मातबर संस्था गावातच आहेत. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था, आणि कोरेगाव रस्त्यावरचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं १९५५ पासूनचं पश्चिम विभागीय केंद्र. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली फांदी घेऊन औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी इथे येतात आणि वनस्पतीच्या नावाचा दाखला घेऊन जातात. माणसाच्या जन्मदाखल्यासारखाच तो प्रबंधाच्या शेवटी चिकटवलेला असतो.

प्रबंधांच्या मधल्या पानांवर बहुतेक वेळा बशीतले गोल असतात. काचेच्या बशीत जिवाणू वाढवायचे, मध्ये भोक पाडून जेल भरायचं आणि भोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. गोल मोठा, जेल चांगलं. ही पद्धत चुकीची नाही, अपुरी आहे. बशीला ना रोमकूप असतो, ना बूच, ना संप्रेरकं. शिवाय मुरमाचा खरा जिवाणू हवाबंद डब्यात वाढवावा लागतो. ती सोय नसली की त्याच्या जागी वाढायला सोपा स्टॅफिलोकॉकस घेतला जातो आणि निष्कर्ष मात्र मुरमांविषयी लिहिला जातो.

चेहऱ्यांवर झालेलं काम कमी आहे, पण आहे. वनस्पतिजन्य जेलांपैकी सर्वांत जास्त दाखला दिला जातो तो १९९० मधल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचा. १२४ रुग्णांत ५ टक्के टी ट्री तेलाचं जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरूम कमी केले. तेलाचा परिणाम सावकाश दिसला, त्रास मात्र कमी झाला. १९९५ मध्ये ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’त परांजपे आणि कुलकर्णी या दोन मराठी आडनावांचा निबंध आला. चार आयुर्वेदिक गोळ्या-औषधं आणि एक औषधविरहित गोळी, कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. चारांपैकी एकच पास झालं: कुडा, आवळा, वावडिंग आणि सुंठ यांची सुंदर वटी. बाकी तिन्हींमागेही परंपरा होती, आणि ती नापास झाली. हे प्रामाणिकपणे छापलं गेलं, ही त्या निबंधाची खरी कमाई. २०१५ मध्ये वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या तज्ज्ञांनी मुरमांवरच्या पूरक उपचारांच्या ३५ चाचण्या आणि ३,२२७ रुग्ण एकत्र तपासले. त्यांत चिनी उपचारांच्या चाचण्याही होत्या. बहुतेक पुरावा कच्चा निघाला.

परांजपे-कुलकर्णींचा निबंध आला त्याच १९९५ मध्ये हळदीचं प्रकरण घडलं, आणि त्याचा एक धागा पुण्यात आहे. मार्चमध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं संचालकपद सांभाळून रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी दिल्लीला सीएसआयआर या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले होते. त्यांनी पेटंटला आव्हान दिलं. ‘आमच्या आज्या लावत आल्या’ हे तिथे चालणार नव्हतं. छापील पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी मिळून ३२ संदर्भ जमवले गेले, त्यांत १९५३ मधला भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक निबंधही होता, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. मराठी वर्तमानपत्रांनी तेव्हा हळदीघाटीची उपमा मनसोक्त वापरली. विजय खरा होता. फक्त तो कशाचा होता, ते विसरलं जातं. ही गोष्ट जुनी आहे, नवी नाही, एवढंच सिद्ध झालं. हळदीच्या अमुक जेलने अमुक मुरूम जातात का, हा प्रश्न त्या न्यायासनापुढे नव्हताच.

औषध आणि प्रसाधन यांच्यामधली भिंतही अशीच हलती. केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत परळला १९५२ मध्ये सुरू केलेल्या विको कंपनीचं हळदीचं क्रीम सत्तरच्या दशकात घराघरांत गेलं. अबकारी खात्याचं म्हणणं, हे प्रसाधन आहे, जास्त कर भरा. कंपनीचं म्हणणं, हे आयुर्वेदिक औषध आहे. हा खटला वर्षानुवर्षं चालला आणि सर्वोच्च न्यायालयात कंपनीची बाजू टिकली. आज वनौषधी जेल आणणाऱ्यापुढे हाच दोरस्ता असतो. औषध म्हटलं तर आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषधाचा परवाना, घटक मान्य ग्रंथांतले, आणि २०१० च्या नियम १५८-ब नुसार परिणामाचा पुरावाही. प्रसाधन म्हटलं तर वाट सोपी, पण मग मुरूम बरा करतो असं म्हणता येत नाही. तेव्हा वेष्टनावर ‘नितळ’, ‘शुद्ध’, ‘संतुलित’ असले निसरडे शब्द येतात.

वनौषधी जेलांच्या या गोष्टीतला सर्वांत गंभीर भाग लंडनमध्ये उघडकीला आला. तिथल्या चायनाटाउनमध्ये इसबाने बेजार मुलांना चिनी काढ्याने गुण येतो, हे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यांनी कुचेष्टा न करता रीतसर चाचण्या केल्या आणि १९९२ मध्ये अनुकूल निष्कर्ष छापले. चिनी त्वचौषधींचा बोलबाला झाला. मग १९९९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा निबंध आला. रुग्णांनी वापरलेली ११ चिनी ‘वनौषधी’ क्रीमं तपासली होती; त्यांतल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन निघालं. म्हणजे स्टेरॉइड, तेही न सांगता घातलेलं. पुणेकरांनी या बातमीवर नाक मुरडण्याआधी आपल्या कोपऱ्यावरचं दुकान आठवावं. गोरेपणासाठी, मुरमांसाठी, कशासाठीही स्टेरॉइड मिसळलेली क्रीमं चिठ्ठीशिवाय विकली जात राहिली. कातडी पातळ, लाल, केसाळ झालेले चेहरे त्वचारोगतज्ज्ञांकडे येऊ लागले, आणि त्यांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये अशा स्टेरॉइडांवर चिठ्ठीचं बंधन आलं. जे हर्बल जेल चार दिवसांत चेहरा स्वच्छ करतं, त्याच्याविषयी पहिली शंका हीच घ्यावी लागते.

तरीही वनस्पतींकडे वळण्याचं कारण खोटं नाही. क्लिंडामायसिनसारखी प्रतिजैविकं चेहऱ्यावर वर्षानुवर्षं चोपडल्याने जिवाणू त्यांना दाद देईनासे झाले आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड काम करतं, पण कातडी सोलतं आणि टॉवेलचा रंग उडवतं. जिवाणू आणि दाह दोन्हींवर काम करणारं, कातडीला न जाळणारं काही मिळालं, तर ते हवंच आहे. ते बर्बेरिन असेल, दानशेन असेल, कदाचित सुश्रुताचे धणे आणि लोध्रही असतील.

ते ठरवण्याची एक साधी रीत आहे. दोन ट्यूबा घ्यायच्या, दिसायला, वासाला, रंगाला हुबेहूब. एकीत अर्काचं जेल, दुसरीत तेच जेल अर्काविना. कारण नुसत्या जेलमधलं अल्कोहोलही तेल उडवतं आणि दोन दिवस चेहरा बरा दिसतो. एक ट्यूब डाव्या गालाला, दुसरी उजव्या गालाला, बारा आठवडे. दर पंधरवड्याला त्याच उजेडात फोटो काढायचा आणि मुरूम बोटाने मोजायचे: काळे वेगळे, लाल वेगळे, पूवाले वेगळे. स्कार्फ दोन्ही गालांवर सारखाच बांधायचा आणि रोज धुवायचा. कुठल्या ट्यूबमध्ये काय आहे, ते लिहिलेला कागद तोवर बंद पाकिटात.